छत्री आभाळातली, घडी कपाटातली

स्कायडायव्हिंगचं थ्रिल सगळ्यांना कळतं. पण उडी मारून झाल्यावर उरलेलं जुनं पॅराशूट वर्षानुवर्षं सांभाळणारी माणसंही जगात आहेत. त्यांच्या या हटके छंदाचा एकच कडक नियम आहे : जीव टाका, पण जीव सोपवू नका!

पॅराशूट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा काय येतं? खरं सांगा... खोबरेल तेलाची निळी बाटली! त्यानंतर येतं ते 'पॅराशूटचं कापड'. पावसाळ्यात बाईकवर घालायचं ते सळसळणारं जाकीट किंवा ट्रेकला नेलेली, चुरगळली तर मुठीत मावणारी सॅक. 'ओरिजिनल पॅराशूटचं कापड आहे साहेब' असं दुकानदार छातीठोकपणे सांगतो आणि आपणही जाणकारासारखी मान डोलावतो. आता आपल्यापैकी किती जणांनी खरं पॅराशूट हातात धरलंय, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

पण काही मंडळी अशी आहेत की ज्यांच्या माळ्यावर, गॅरेजमध्ये, पलंगाखालच्या ट्रंकेत फक्त पॅराशूटच असतात. तीही नवीकोरी नाहीत, तर पन्नास-साठ वर्षांपूर्वीची. कुणी तिकिटं जमवतं, कुणी जुन्या रेकॉर्ड्स, कुणी घड्याळं. ही मंडळी आभाळातल्या छत्र्या जमवतात. आणि एकदा का या छंदाच्या खोलात शिरलात, की लक्षात येतं की हे प्रकरण वाटतं तितकं हलकंफुलकं नाही.

टू बीएचके पाठीवर!

पहिला प्रॉब्लेम जागेचा. अमेरिकन वैमानिकांच्या पाठीवर असायचं ते 'सी-९' नावाचं गोल पॅराशूट घ्या. जमिनीवर सपाट अंथरलं तर त्याचा व्यास २८ फूट भरतो. शाळेतलं गणित आठवा, म्हणजे साधारण ६१५ चौरस फूट. मुंबईत एवढ्या कार्पेट एरियात टू बीएचके बसतो! आणि हा अख्खा फ्लॅट घडी घालून एका पाठपिशवीत मावतो. म्हणूनच पॅराशूटच्या जगात सगळी करामत घडीची. घडी नीट असेल तर छत्री उघडते. नसेल तर... असो.

या सी-९चं खेळाशी नातं मोठं मजेशीर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेत लष्कराची जुनी पॅराशूट्स सरप्लसमध्ये स्वस्तात विकली जात. १९५९मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ऑरेंज या गावी तिथलं पहिलं व्यावसायिक स्पोर्ट पॅराशूट सेंटर सुरू झालं, आणि विमानातून उडी मारणं हा सामान्य माणसाचा वीकेण्डचा खेळ झाला. पण लष्करी गोल छत्री वारा नेईल तिकडे जायची. मग या पोरांनी काय करावं? छत्रीच्या मागच्या बाजूचं कापड चक्क कापून मोठमोठी भोकं पाडली! त्यातून हवा मागे निसटायची आणि छत्री पुढे सरकायची. भोकांच्या आकारांना इंग्रजी अक्षरांवरून नावं पडली, त्यातलं 'डबल एल' फार प्रसिद्ध. आज संग्राहकाला अशी कापाकापी केलेली छत्री मिळाली तर तो कोऱ्या छत्रीपेक्षा जास्त खूश होतो. कारण ती भोकं म्हणजे त्या काळातल्या कुणीतरी स्वतःच्या जिवावर केलेला प्रयोग असतो.

पुढे १९६४मध्ये 'पायोनियर' कंपनीनं 'पॅरा-कमांडर' बाजारात आणलं. फ्रान्सच्या पिएर लेमॉइन यांच्या डिझाइनवर बेतलेली ही छत्री गोलच होती, पण सगळीकडून चिरा-खाचा असलेली आणि हवी तशी वळणारी. त्या पिढीच्या दृष्टीनं ती साधीसुधी छत्री नव्हतीच, ती त्यांची बुलेट होती! आणि त्याच दशकात फ्लोरिडातल्या डॉमिना जाल्बर्ट या पतंग बनवणाऱ्या अवलियानं चौकोनी 'पॅराफॉइल'चं पेटंट घेतलं. कापडाच्या दोन थरांमध्ये कप्पे, पुढची तोंडं उघडी, आत हवा भरली की मऊ कापडाचा चक्क विमानाचा पंख होतो. आज स्कायडायव्हर वापरतात त्या चौकोनी छत्र्यांचं मूळ हे. सत्तरच्या दशकात त्या आल्या आणि हळूहळू गोल छत्र्या माळ्यावर गेल्या. संग्राहकाचा खजिना सापडतो तो याच माळ्यावर.

कापड ओळखा, काळ सांगा

जुना वाडा बघून जाणकार माणूस विटांवरून, लाकडावरून काळ सांगतो ना, तसंच इथेही चालतं. हार्नेसच्या खांद्यावर 'केपवेल' नावाचं धातूचं जाडजूड कुलूप आहे? मग सेट बहुधा जुना. त्याऐवजी एकात एक अडकवलेली तीन कडी आहेत? मग तो सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतरचा, कारण ही तीन कड्यांची युक्ती बिल बूथ यांनी तेव्हा काढली. राखीव छत्री पोटावर बांधायची सोय आहे की दोन्ही छत्र्या पाठीवर आहेत, यावरूनही काळ कळतो.

पण सगळ्यात मोठा साक्षीदार म्हणजे कापड. सुरुवातीची पॅराशूट्स रेशमाची असत. म्हणूनच पॅराशूटमुळे जीव वाचलेल्यांच्या क्लबचं नाव 'कॅटरपिलर क्लब', म्हणजे रेशमाच्या किड्याचा क्लब. १९२२मध्ये ही परंपरा सुरू झाली आणि पॅराशूट बनवणारे लेस्ली आयर्विन अशा प्रत्येकाला सोन्याची अळी भेट द्यायचे. पुढे महायुद्धात जपानकडून येणारं रेशीम बंद झालं आणि नायलॉन आलं. जून १९४२मध्ये अ‍ॅडलिन ग्रे या तरुणीनं अमेरिकेत नायलॉनच्या पॅराशूटनं पहिली मानवी उडी मारली. ज्या नायलॉनचे स्टॉकिंग्ज घेण्यासाठी दुकानांपुढे रांगा लागायच्या, ते आता सैनिकांच्या पाठीवर गेलं.

रेशीम की नायलॉन, या एका प्रश्नावर एका जगप्रसिद्ध केसमधला एक धागा सुटला, हे माहितीये? २४ नोव्हेंबर १९७१. डॅन कूपर असं नाव सांगणाऱ्या एका माणसानं अमेरिकेत पोर्टलंडहून सिअ‍ॅटलला जाणारं विमान हायजॅक केलं. मुख्य मागण्या दोन : दोन लाख डॉलर आणि चार पॅराशूट. सिअ‍ॅटलला दोन्ही मिळाल्यावर त्यानं प्रवासी सोडले, विमान पुन्हा उडवायला लावलं आणि रात्री मागचा जिना उघडून पावसात उडी मारली. तो आजतागायत सापडलेला नाही. एफबीआयनं २०१६मध्ये या प्रकरणाचा सक्रिय तपास थांबवला.

मधल्या काळात, २००८मध्ये, तिथल्याच अँबॉय या गावाजवळ मुलांना जमिनीतून डोकावणारं एक कापड दिसलं. खणलं तर पॅराशूट! मीडियात एकच धमाल. पण जाणकारानं कापड हातात घेतलं आणि विषय संपवला. हे रेशीम आहे, चाळीसच्या दशकातलं. कूपरला दिलेली पॅराशूट नायलॉनची होती. छत्तीस वर्षांचं गूढ उकलणार अशी आशा लागली होती, ती कापडाच्या एका स्पर्शानं मावळली.

या केसमध्ये आणखी एक अंगावर काटा आणणारी गोष्ट आहे. घाईगडबडीत कूपरला दिलेल्या चारपैकी एक राखीव पॅराशूट हे वर्गात शिकवण्यासाठी ठेवलेलं डमी होतं. शिवून बंद केलेलं, कधीच न उघडणारं. ते विमानात सापडलं नाही, म्हणजे बहुधा तो ते घेऊन गेला. बाहेरून बघून त्याला कळलं नसावं. जुन्या पॅराशूटबद्दलचा पहिला धडा हाच आहे. बाहेरून काहीही कळत नाही!

खिशातली छोटीशी चिठ्ठी

मग कळतं कशावरून? तर पॅकच्या एका छोट्या खिशात ठेवलेल्या कार्डावरून. अमेरिकेत राखीव पॅराशूटची घडी कुणीही घालू शकत नाही. त्यासाठी परवानाधारक 'रिगर' लागतो. तो घडी घालतो, कार्डावर तारीख टाकतो, सही करतो आणि दोऱ्याला शिशाचं छोटं सील लावतो. सीलवर त्याची स्वतःची खूण. म्हणजे उद्या ती छत्री उघडली नाही तर जबाबदार कोण, हे आधीच लिहून ठेवलेलं!

नवख्या संग्राहकाला रंगीत छत्री दिसते, तर मुरलेला संग्राहक आधी कार्ड मागतो. कारण त्या चार इंचांच्या कागदावर छत्रीचं सगळं चरित्र असतं. कुठल्या साली बनली, कुणी कुणी घडी घातली, किती वर्षं वापरात होती. तारखा नियमित येत राहतात, मग त्यांच्यातलं अंतर वाढतं आणि एका तारखेनंतर पुढच्या ओळी रिकाम्या. का? मालक लग्न करून संसाराला लागला? चौकोनी छत्री घेतली? की आणखी काही? कार्ड ते सांगत नाही. पण रिकामी ओळ बघून माणूस क्षणभर गप्प होतो, हे नक्की.

आणि नियमांच्या पुस्तकात रेशमाची आठवण अजून शिल्लक आहे. अमेरिकेत कृत्रिम धाग्याच्या राखीव पॅराशूटची घडी दर १८० दिवसांनी मोडून पुन्हा घालावी लागते. रेशीम किंवा कुठलाही नैसर्गिक धागा असेल तर मात्र ६० दिवसांनी!

हे वाचून कुणाची आजी गालातल्या गालात हसेल. कारण तिनं तेच तर केलं आयुष्यभर. पैठणी मलमलच्या फडक्यात गुंडाळायची, दर काही महिन्यांनी बाहेर काढायची, सावलीत वारा द्यायचा आणि घडी बदलून परत ठेवायची. एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवलं तर रेशीम त्या रेघेवर चिरतं, हे तिला कुठल्याही रिगरनं शिकवलेलं नव्हतं.

नायलॉन काय, टिकतं की!

असं आपल्याला वाटतं. पण नायलॉनचा सगळ्यात मोठा शत्रू आहे ऊन. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण त्याचा धागा आतून कमजोर करतात. कापड दिसायला तसंच, रंग थोडासा उडालेला आणि ताकद मात्र गेलेली. दुसरा शत्रू आम्ल. ऐंशीच्या दशकात बनलेल्या काही गोल राखीव छत्र्यांमध्ये वापरलेली जाळी आम्लधर्मी निघाली. पॅकमध्ये घडी घालून ठेवल्यावर ती जाळी ज्या ज्या कापडाला टेकायची, ते कापड कमजोर व्हायचं. ना डाग, ना भोक! म्हणजे जीव वाचवण्यासाठी पाठीवर घेतलेली छत्री कपाटात पडल्या पडल्या गुपचूप मरत होती.

हे लक्षात आल्यावर रिगर मंडळी 'ब्रोमोक्रेसॉल ग्रीन' नावाच्या रसायनाचा थेंब टाकून जाळी तपासायला लागली. थेंब पिवळा पडला की समजायचं, गडबड आहे. मग कापड ओढून त्याची ताकद मोजायची. आजही त्या काळातली गोल छत्री हातात आली की अनुभवी संग्राहकाला आधी हीच टेस्ट आठवते.

मग उडी मारायची की नाही?

इथे या छंदातला खरा वाद सुरू होतो. विंटेज कार घेतली तर रविवारी रॅलीत चालवता येते. जुनी रेकॉर्ड लावून ऐकता येते. जुन्या पॅराशूटचं काय करायचं? भिंतीवर लावलं तर उजेडानं मरतं. पेटीत ठेवलं तर कुणाला दिसत नाही. आणि वापरलं तर...

एक गट म्हणतो, उघडून हवेत तरंगली नाही तर ती छत्री कसली? ती तर मोठी चादर! त्यांच्या बाजूनं नियमातली एक गंमतही आहे. अमेरिकेत राखीव छत्री आणि हार्नेस सरकारी मानकांनुसार मंजूर असावे लागतात, पण मुख्य छत्रीला तशी मंजुरी लागत नाही. त्यामुळे काही जुने खेळाडू मुख्य छत्री म्हणून आपली लाडकी पॅरा-कमांडर घेतात, राखीव मात्र आजची, ताजी घडी घातलेली, आणि आठवणींसाठी एखादी उडी मारून येतात. खाली उतरताना गुडघ्यांना जो दणका बसतो, त्यानं तरुणपण लगेच परत येतं म्हणे!

दुसरा गट म्हणतो, प्रत्येक उडी म्हणजे थोडी झीज. आपण जपणारे आहोत, वापरणारे नाही. आणि कापडाच्या आत काय झालंय हे डोळ्यांना दिसत नसेल, तर भावनेच्या भरात त्यावर लटकायचं कशाला?

दोन्ही गटांचं एका गोष्टीवर मात्र एकमत आहे. अनोळखी माणसाच्या हाती जुनं पॅराशूट देताना त्यावर ठळक लिहायचं : फक्त प्रदर्शनासाठी. कारण साठ आणि सत्तरच्या दशकांत उड्या मारणारी पिढी आता थकलीय. त्यांची मुलं, नातवंडं घर आवरताना माळ्यावरची ती पिशवी बाहेर काढतात. काही पिशव्या कचऱ्यात जातात, काही सेलमध्ये. सेलमध्ये ती एखाद्या विशीतल्या उत्साही पोराच्या हाती पडली आणि त्यानं 'बघू तरी उघडतं का' म्हटलं तर? संग्राहकाची खरी जबाबदारी इथे आहे. वस्तू वाचवायची आणि वस्तूपासून माणूसही वाचवायचा.

तीन नवऱ्या, एक पॅराशूट

वापरायचं पण उडी मारायची नाही, असा तिसरा रस्ताही एका जोडप्यानं काढला. ऑगस्ट १९४४मध्ये मेजर क्लॉड हेन्सिंगर यांचं बी-२९ विमान जपानवर बॉम्बफेक करून परतत होतं. इंजिनानं पेट घेतला. सगळ्यांनी चीनच्या भूमीवर उड्या मारल्या. त्या रात्री हेन्सिंगर यांनी आपलं पॅराशूट उशी आणि पांघरूण म्हणून वापरलं. ते त्यांनी जपून घरी आणलं आणि १९४७मध्ये रूथला मागणी घालताना तेच पुढे केलं. याचा लग्नाचा ड्रेस शिव!

स्कर्ट रूथनं स्वतः शिवला. पॅराशूटच्याच दोऱ्या ओढून स्कर्टला चुण्या घातल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये लग्न झालं. पुढे तोच ड्रेस त्यांच्या मुलीनं लग्नात घातला आणि सुनेनंही. त्यानंतर तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिला गेला. सासूची पैठणी सुनेनं नेसावी तसं हे. फक्त या पैठणीनं आधी एकाचा जीव वाचवला होता.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडेही पॅराशूटचा इतिहास काही कमी नाही. कानपूरला १९४१पासून पॅराशूटचा कारखाना आहे, आग्र्याला पॅराट्रूपर्सचं ट्रेनिंग होतं. महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर पॅराशूट कमी पडली, तेव्हा जनरल स्लिम यांच्या सैन्यानं कलकत्त्यात चक्क तागाची पॅराशूट बनवून घेतली. माणसांसाठी नव्हे, सामान टाकण्यासाठी. खाली पडल्यावर ती परत आणायची कुणाला गरज नव्हती, इतकी स्वस्त! आज त्यातलं एखादं कुणाच्या गोदामात गोणपाट समजून पडलं असेल तर? विचार करूनच संग्राहकाच्या तोंडाला पाणी सुटेल.

आणि पुण्याच्या शीतल महाजनला विसरून कसं चालेल? २००४मध्ये उत्तर ध्रुवावर उडी, २००६मध्ये अंटार्क्टिकावर, २०११मध्ये पद्मश्री आणि फेब्रुवारी २०१८मध्ये थायलंडमध्ये १३ हजार फुटांवरून नऊवारी नेसून उडी! नऊवारी आणि पॅराशूट, दोन्ही एकाच फोटोत. पन्नास वर्षांनी कुणाला ती छत्री आणि ती साडी शेजारी शेजारी ठेवाविशी वाटली तर? पण त्यासाठी आज कुणीतरी दोन्हींची घडी बदलत राहायला हवी.

जपायचंय? मग हे लक्षात ठेवा

* उजेड टाळा. खिडकीसमोर, ट्यूबलाइटखाली कायमचं टांगू नका.
* वॉशिंग मशीन विसरा. मऊ ब्रशनं धूळ झटका, सावलीत वारा द्या. डागाला ब्लीच तर अजिबात नाही.
* आम्लमुक्त टिश्यू पेपर वापरा, वर्तमानपत्र नको. दर काही महिन्यांनी घडीची रेघ बदला.
* आपल्या पावसाळ्यात बुरशी ठरलेली. पेटीत सिलिका जेल ठेवा. डांबराच्या गोळ्या कापडावर टाकू नका.
* जुने रबर बँड काढा, ते वितळून चिकटतात. कुठे होते त्याचा आधी फोटो काढा.
* धातूचे भाग कापडापासून वेगळे ठेवा. जुन्या कड्यांवर कॅडमियमचा मुलामा असू शकतो, त्याची पावडर विषारी. हातमोजे घाला.
* बंद पॅक कुतूहलानं उघडू नका. आत दाबलेली स्प्रिंग तोंडावर उडते आणि काही जुन्या ऑटोमॅटिक उपकरणांत स्फोटक काडतूसही असतं. जाणकार रिगरलाच दाखवा.
* कार्ड आणि पॅराशूट यांची ताटातूट करू नका. आणि लेबल लावायला विसरू नका : फक्त प्रदर्शनासाठी!

आपल्याकडे नवीन कपडा पहिल्यांदा घालण्याला 'घडी मोडणं' म्हणतात. पाठीवरच्या राखीव छत्रीची घडी कधीच मोडावी लागू नये, अशी प्रत्येक स्कायडायव्हरची प्रार्थना असते. एखादी छत्री आपली सगळी वर्षं पूर्ण करून, न उघडता, सीलसकट संग्राहकाच्या हाती येते. ना तिच्या नावावर विक्रम, ना कुणाचा जीव वाचवल्याची गोष्ट. तरी तो ती जपून ठेवतो. कारण कार्डावरच्या प्रत्येक तारखेला कुणीतरी तिच्यावर विश्वास ठेवला होता, आणि तो माणूस प्रत्येक वेळी सुखरूप घरी गेला होता.

पुढच्या वेळी कुणी म्हणालं, 'ओरिजिनल पॅराशूटचं कापड आहे', तर एकच विचारा... 'कार्ड आहे का?'